फळाची आसक्ती आणि डोमेनचा ताबा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रससारख्या तालुक्याच्या गावात स्थानिक गिऱ्हाइकांसाठी वेबसाइट बनवण्याचा धंदा सुरू करायला भांडवल फारसं लागत नाही. एक लॅपटॉप, बरं नेट आणि कृषी केंद्र, मंगल कार्यालय, कोचिंग क्लास, दवाखाना यांच्यापैकी दोनचार ओळखीचे मालक, एवढ्यावर काम सुरू होतं. इतक्या साध्या धंद्याकडे कुणी धर्माचा प्रश्न म्हणून पाहत नाही. मला तो तसाच दिसतो. कर्म करावं आणि फळाची आसक्ती सोडावी म्हणजे नेमकं काय सोडावं, हा गीतेचा प्रश्न इथे अगदी रोकडा होऊन समोर येतो. माझ्या मते त्याचं उत्तर डोमेन कुणाच्या नावावर घेतलं, यावर ठरतं.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते एका वर्षापासून फार तर दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीने नोंदवतात आणि मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. नोंदणी करताना मालकाचं नाव, मोबाइल आणि ईमेल भरायचा असतो. दुकानदार त्या वेळी काउंटरवर असतो, ईमेलचा पासवर्ड मुलाला ठाऊक आणि मुलगा पुण्याला शिकायला. मग साइट करणारा स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. हेतू वाईट नसतो, घाई असते. पण तिथून पुढे प्रत्येक ओटीपी त्याच्याच फोनवर येतो, मुदतीची सूचनाही त्यालाच मिळते. चार वर्षांनी जून महिन्यात, बी-बियाण्यांच्या ऐन हंगामात, त्याने नंबर बदललेला असला किंवा दोघांत पैशांवरून बोलाचाली झालेली असली, तर बिलावर, पाटीवर, पिशवीवर छापलेला पत्ता उघडत नाही. दुकान मालकाचं, इतक्या वर्षांची पत मालकाची, आणि त्या नावाचा ताबा दुसऱ्याकडे! कायदाही इथे बऱ्याच अंशी करणाऱ्याच्या बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकराने नोकरीत लिहिलेलं मालकाचं होतं. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्याने लिहिलेला कोड मात्र लेखी हस्तांतरण होईपर्यंत सर्वसाधारणपणे त्याचाच राहतो. तेव्हा कायदा पाळला एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही.

निष्काम कर्माचा आपल्याकडे रूढ झालेला अर्थ असा, की मोबदल्याची अपेक्षा धरू नये. या अर्थाने कष्टकऱ्यांचं पुष्कळ नुकसान केलं आहे. ‘घरचाच पोरगा आहेस, एक साइट करून दे’ असं म्हणणाऱ्याला तो सोयीचा पडतो. पण देहाचा निर्वाहसुद्धा कर्मावाचून होत नाही, असं गीताच तिसऱ्या अध्यायात सांगते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली गीता-प्रवचनं बाहेरच्या कर्माबरोबर मनाचं काम जोडायला सांगतात. त्या आतल्या कामाला विनोबा विकर्म म्हणतात. त्यांच्या आधाराने मी एक पाऊल पुढे टाकतो. आधी ठरवून घेतलेली मजुरी हा कर्माचाच भाग आहे, ती मागण्यात आसक्ती नाही. काम हवाली केल्यावरही त्याच्यावर आणि त्याच्या मालकावर आपली पकड राहावी, ही ओढ म्हणजे आसक्ती. फुकट केलेल्या कामातही ती असू शकते, कारण उपकाराची पकड पैशाच्या पकडीहून घट्ट असते.

तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग या जागी फार मोलाचा आहे. परंपरा सांगते, की घरच्या सावकारीची कर्जखतं दोघा भावांत वाटली गेली. तुकोबांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली आणि कान्होबांची त्यांच्याकडेच राहू दिली. सांगताना आपण बुडवलेल्या कागदांवर थांबतो. मला राखलेले कागदही तितकेच महत्त्वाचे वाटतात. आपला त्याग त्यांनी भावावर लादला नाही. दिग्रसच्या तरुणाकडून तुकोबांसारखं येणं सोडून देण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. त्याला सोडायला सांगायचा तो फक्त दुसऱ्याच्या नावावरचा ताबा.

यावर सर्वांत जड आक्षेप उधारीचा आहे. विदर्भातल्या गावात कापूस-सोयाबीनचा पैसा आला की बाजार हलतो, तोवर ‘पुढच्या महिन्यात पाहू’ चालतं. पासवर्ड हातात नसेल तर वसुली कशी करायची? आक्षेप खरा आहे, पण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पुरे न झालेलं, पैसे न मिळालेलं काम रोखून धरायचा करणाऱ्याला पूर्ण हक्क आहे, कारण ते त्याचे कष्ट आहेत. त्याने निम्मे पैसे आधी घ्यावेत, उरलेले मिळेपर्यंत साइट स्वतःच्या तात्पुरत्या पत्त्यावरच दाखवावी. डोमेन मात्र पहिल्या दिवसापासून मालकाच्या नावावर, मालकाच्या नंबरावर असावं. स्वतःचे कष्ट तारण ठेवता येतात. दुसऱ्याचं नाव त्याला न सांगता तारण ठेवणं ही सावकारीच झाली.

दुसरा आक्षेप असा, की मालकालाच ही कटकट नको असते. ‘तूच सांभाळ’ असं तो मनापासून म्हणतो. मग सांभाळावं. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात 1936 पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी विश्वस्ताची कल्पना धनवंतांसाठी मांडली होती. आज ती पासवर्ड बाळगणाऱ्यालाही लागू पडते. विश्वस्ताकडे वस्तू असते, पण हिशेब मालकापुढे असतो. काय कुठे नोंदवलं आहे, मुदत कधी संपते, पैसे कुणाला भरायचे, हे मराठीत लिहिलेला एक कागद दरवर्षी दुकानात द्यावा आणि घरातल्या आणखी एकाला समजावून सांगावा.

कुणी म्हणेल, ही साधी व्यवहारातली सचोटी झाली, तिला गीता कशाला हवी? सचोटी फसवणुकीला मनाई करते. इथे कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी काही चोरलेलं नाही, तरीही एक माणूस दुसऱ्याच्या मुठीत गेला आहे. हा दोष सचोटीच्या मापात येत नाही, आसक्तीच्या मापात येतो. शिवाय ज्या वेबवर हा धंदा उभा आहे, तिचं मूळ तंत्र सर्न या संस्थेने 30 एप्रिल 1993 रोजी सर्वांसाठी विनामूल्य खुलं केलं. म्हणून दिग्रसच्या मुलाला पान बनवायला कुणाची परवानगी काढावी लागत नाही. जे त्याला मोकळं मिळालं, ते पुढे देताना त्याला कुलूप लावायचा अधिकार त्याने कुठून आणला, हे मला विचारावंसं वाटतं.

या वाटेने जाणाऱ्याचं नुकसान होणार नाही, असं मी म्हणणार नाही. मोकळं ठेवलेलं गिऱ्हाईक पुसद-यवतमाळच्या स्वस्त माणसाकडे जाऊ शकतं आणि काही जातीलच. त्यासाठी देखभालीचा दर पहिल्यापासून वेगळा आणि पुरेसा लावावा, म्हणजे पकडीच्या भरवशावर धंदा चालवावा लागणार नाही. आणि गिऱ्हाईक जाईल त्या दिवशी सगळ्या फाइली, बॅकअप आणि नव्या माणसाला लागणारी माहिती, पैसे पूर्ण मिळाले असतील तर, त्याच आठवड्यात देऊन टाकावी.