दार लागले आहे का?



आता आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगणात चारचाकी उभी असते. पावसाळ्यात नसरापूरहून वेल्ह्याकडे येणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते : दारे नीट लावली तरी गाडीतली घंटी वाजतच राहते आणि छताचा दिवा विझत नाही. मग कोणी गाण्यांचा आवाज वाढवतो, तर कोणी दिव्याचे बटणच बंद करतो. दिवा विझतो, पण दार खरेच उघडे असेल तर ते उघडेच राहते.

चांगला मेकॅनिक आधी घंटीला हात लावत नाही. तो डिकीसकट एकेक दार उघडून पुन्हा लावतो, फटीत सीटबेल्ट अडकला आहे का ते बघतो. मग दाराचा स्विच तपासतो. जुन्या गाड्यांत तो चौकटीवर, रबरी टोपणातल्या लहानशा खिळीसारखा असतो. नव्या गाड्यांत बहुधा दाराच्या लॉकमध्येच असतो. चिखल, ओल आणि गंज यांनी तो अडकतो. कधी बिजागरीजवळची वायर तुटलेली असते. साफसफाईने भागले नाही तर स्विच बदलावा लागतो. हे काम लांबणीवर टाकून चालत नाही. पाच वॅटचा एवढासा दिवा, पण सतत जळत राहिला तर लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण साडेतीन दिवसांत रिकामी करतो.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, घंटी दाराला पाहत नाही. स्विच सांगेल तेवढेच तिला कळते. म्हणून तिची चूक दोन प्रकारांनी होते : दार बंद असून ती वाजते, किंवा दार उघडे असून गप्प राहते.

आपल्या सदसद्विवेकबुद्धीचेही असेच आहे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, आपल्याला ठाऊक असलेले सत्य आपल्या कृतीला लावून पाहणे म्हणजे विवेक. ते ज्ञानच मळले असेल तर निवाडाही चुकतो. पापाची सवय जडली की विवेक हळूहळू आंधळा होतो, असा इशारा दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली दिला.

पहिली चूक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोसली. १५२२ साली ते मान्रेसा येथे होते. पापनिवेदन करूनही जुनी पापे त्यांना पुन्हा पुन्हा छळत, इतकी की ते निराशेच्या काठावर पोहोचले. अखेर, गतकाळातील पापांचे निवेदन पुन्हा करायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला. आपल्यातही क्षमा मिळालेल्या पापांची घंटी वर्षानुवर्षे ऐकणारे आहेत. अशांनी प्रभूच्या क्षमेवर विश्वास ठेवावा. ते दार लागलेले आहे.

दुसरी चूक दावीद राजाची. त्याने उरियाची पत्नी घेतली, त्याला रणात मारवले. बाळ जन्मले, तरी घंटी वाजली नाही. नाथान संदेष्ट्याने गरिबाची मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, तेव्हा दावीद संतापला. दुसऱ्याच्या पापासाठी त्याची घंटी शाबूत होती (२ शमुवेल १२).

आपल्या भागात जमिनीला भाव आला आहे. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर भावांची नावे लागतात आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. बहिणीने समजून-उमजून, मनापासून वाटा सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण कागदात काय आहे ते न सांगता, भीड घालून सही घेतली असेल तर? नाताळला ती येते, आपण तिला साडी देतो, करंज्यांचा डबा भरून देतो. आपल्या मनात काहीच वाजत नाही. म्हणून दार लागले आहे असे समजावे का?

तेव्हा घंटी वाजो वा न वाजो, रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटे एकेक दार हाताने ओढून पाहू या : जिभेचे, पैशाचे, घरातल्या नात्यांचे, प्रार्थनेचे. स्तोत्र १३९ मध्ये भक्त देवालाच आपले अंतःकरण तपासायला सांगतो, कारण आपला स्विच आपल्यालाच फसवू शकतो. आणि जे उघडे सापडेल ते प्रायश्चित्त संस्कारात प्रभूपुढे ठेवू या. मात्र जक्कयाला विसरू नये. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे वचन त्याने दिले. हक्काचे परत केल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही.

बहिणीला फोन करायचा असेल, तर तो या आठवड्यातच करू या.

प्रभू आपणां सर्वांना निर्मळ विवेक देवो. आमेन.