माजूर कोणी ठरवायचे?

अंगावरून वारे गेलेल्या माणसाला चार आसनांच्या छोट्या विमानातून फिरवून आणावे काय? आमच्या वडूजमध्ये हा प्रश्न काढला तर लोक हसतील. येथे अशा माणसाला साताऱ्याच्या डॉक्टरकडे न्यायचे म्हटले तरी दोघांनी उचलून वडापच्या जीपमध्ये बसवावे लागते. तिथे विमानाची गोष्ट कोण काढणार? जिल्ह्यातली धावपट्टी आहे ती कराडला. तरीही हा प्रश्न आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. गरजेच्या प्रवासाला आपल्यापैकी कोणी नाही म्हणत नाही. दवाखान्यात नेऊ, ऐपत असेल तर हजलाही नेऊ, त्यात सवाब आहे. पण तोच माणूस म्हणाला, 'मला एकदा वरून येरळेचे पात्र बघायचे आहे,' की आपण लगेच म्हणतो, 'चाचा, या हालतीत कशाला?' त्या 'कशाला'मध्ये काळजी किती आणि हुकूम किती, हे आम्हांला तपासायचे आहे.

आधी पायलटची बाजू पाहू, कारण ती खोटी नाही. सेसना १७२ सारख्या विमानात दोन आसने पुढे आणि दोन मागे असतात. पुढच्या दोन्ही आसनांसमोर विमान चालवण्याचा दांडा आणि पायाशी पेडल असते. लकवा झालेला पाय कधी लुळा असतो, तर कधी अचानक आचका येऊन ताठ होतो. उतरताना असा पाय पेडलवर दाबला गेला तर दोघांच्याही जिवावर बेतेल. म्हणून त्याला मागे बसवावे किंवा पाय बाजूला बांधून ठेवावे लागतात. कमरेत बळ नसेल तर कमरेचा पट्टा पुरत नाही, खांद्यावरूनही पट्टा हवा. अंगाला संवेदना नसेल तर खाली चांगली गादी हवी, नाहीतर कातडीला जखम होते आणि ती त्याला कळतही नाही. मदतनीस बरोबर घेतला तर त्याचेही वजन मोजून इंधनाचा हिशेब करावा लागतो. आणि विमान शेतात उतरवायची पाळी आली तर याला बाहेर कोण काढणार, हे आधीच ठरलेले असावे लागते.

या शंकांची एक खूण आहे. त्या मोठ्याने विचारता येतात आणि त्यांवर उपाय निघतो, किंवा निघत नाही हे कळते. इंग्लंडमध्ये 'एरोबिलिटी' ही संस्था अपंगांना छोट्या विमानांतून नेते, एवढेच नव्हे तर विमान चालवायलाही शिकवते. दुसऱ्या प्रकारची शंका मात्र माणसाकडे नुसते पाहूनच उठते. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर त्यांना उतरवण्यात आले. डॉक्टरचा सल्लाही कोणी घेतला नाही. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पाइसजेट कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुढे २०२२ साली नियमात दुरुस्ती झाली. केवळ अपंगत्वामुळे कंपनीने प्रवासी नाकारू नये, प्रकृतीबद्दल शंका असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरचे मत घ्यावे, असे ठरले. ते ठरायला २०२२ साल उजाडावे लागले!

आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून एका शब्दाशी थोडे थांबतो. आपण अशा माणसाला 'माजूर' म्हणतो. हा शब्द 'उज्र'वरून आला आहे. ज्याचा उज्र, म्हणजे सबब, मान्य झाली तो माजूर. सबब ज्याची, त्यानेच ती पुढे करायची असते. आपण ती त्याच्या वतीने पुढे करतो आणि तिचाच अडसर करून दार लावतो. हजरत अम्र बिन जमूह (रजि.) पायाने अधू होते. उहुदच्या वेळी, हिजरी सन ३ मध्ये, त्यांच्या मुलांनी त्यांना अडवले. मुले वाईट नव्हती, बापावर त्यांची माया होती. अम्र प्रेषितांकडे (स.) गेले. प्रेषितांनी त्यांना सांगितले की तुमच्यावर हे फर्ज नाही. मुलांना मात्र सांगितले की त्यांना अडवू नका. सवलतही राहिली आणि मर्जीही राहिली. अम्र उहुदवर शहीद झाले.

दुसरी हदीस खसअम कबिल्यातल्या स्त्रीची. तिचा बाप इतका म्हातारा होता की वाहनावर स्थिर बसू शकत नव्हता. त्याच्या वतीने हज करू का, असे तिने विचारले आणि तिला परवानगी मिळाली. आम्ही ही हदीस वाचतो तेव्हा मनात येते की अडचण बापाच्या शरीरात होती तशी उंटाच्या पाठीतही होती. आज पट्टे आहेत, चाकाची खुर्ची आहे. माजुरीची हद्द खोगिराबरोबर सरकते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनाला 'चाकाची खुर्ची' हेच नाव दिले.

पण अम्र यांनी पत्करलेला धोका त्यांचा स्वतःचा होता. विमानात पायलटचाही जीव असतो. म्हणून पायलटला नाही म्हणण्याचा हक्क आहेच, आणि तो काढून घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. फक्त त्याने कारण सांगावे, आणि ते नातेवाइकांना न सांगता प्रवाशाला सांगावे. स्टीफन हॉकिंग २६ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, भारहीनतेचा अनुभव देणाऱ्या विमानात बसले. विमान मोठे होते, डॉक्टर सोबत होते. विमानाने एकदाच खाली झेपावायचे असे आधी ठरले होते. ते ठीक आहेत हे पाहत पाहत आठ झेपा झाल्या. थोडे करून बघावे, विचारावे, मग पुढे जावे, ही रीत आम्हांला पटते.

मात्र विचारणे वाटते तितके सोपे नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की बहुधा उजवे अंग जाते आणि त्याबरोबर वाचाही जाते. अशा माणसाला पुष्कळदा सगळे समजत असते, शब्द तेवढे सापडत नाहीत. आणि आपण त्याच्याच खाटेजवळ उभे राहून, त्याला काही कळत नाही असे धरून, त्याच्याबद्दल बोलत राहतो. त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर लागेल असे प्रश्न करावे लागतात. हात दाबला तर हो, डोळे मिटले तर नाही, असे आधी ठरवून घ्यावे लागते. एकच प्रश्न उलटसुलट करून दोनदा विचारावा लागतो. उत्तर यायला वेळ लागतो, कधी पाच मिनिटेही जातात. आणि तेवढ्यात घरातले कोणीतरी म्हणतेच, 'ते नको म्हणताहेत.'