रात्रीपुरती जमीन

ड्राइव्ह-इन थिएटर सकाळी कसं दिसत असेल, हा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. जुन्या फोटोंत ते नेहमी रात्रीचंच असतं. गाड्यांच्या रांगा, समोर उजळलेला पडदा आणि मागच्या सीटवर पेंगणारी मुलं. सकाळी तिथे उन्हात एक पांढरी भिंत उभी असते आणि तिच्यापुढे दहा-पंधरा एकर मोकळी खडी. त्या जमिनीचा कर मालकाला चोवीस तासांचा भरायचा असतो. कमाई मात्र अंधारातल्या तीन-चार तासांची, आणि थंडीच्या मुलखात तर वर्षातले काही महिनेच. हा हिशेब एकदा मांडला, की ड्राइव्ह-इनच्या इतिहासातली पॉपकॉर्नची आणि प्रेमिकांची गोष्ट जरा बाजूला होते आणि जमिनीची गोष्ट पुढे येते.

ती सुरू होते अमेरिकेत, न्यू जर्सीच्या कॅम्डन काउंटीत. डेलावेअर नदीच्या पलीकडे फिलाडेल्फिया, अलीकडे कॅम्डन शहर आणि त्याला चिकटलेली उपनगरं. १९२६ मध्ये नदीवर पूल झाला आणि मोटारींचा लोंढा या काठावर उतरायला लागला. रिचर्ड हॉलिंग्सहेड हा इथलाच. वडिलांच्या मोटारीच्या सामानाच्या कंपनीत तो विक्री सांभाळत असे. महामंदीतही लोक मोटार आणि सिनेमा सहजासहजी सोडत नाहीत, असा त्याचा होरा होता. घराच्या अंगणात त्याने गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना पडदा ठोकला, पडद्यामागे रेडिओ लावला. पावसात काय दिसेल हे पाहायला हिरवळीवरचे फवारे गाडीवर सोडले. पुढच्या गाडीच्या टपावरून मागच्याला पडदा दिसावा म्हणून पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवत चढाचा कोन काढला. शोध म्हणावा असं जे काही होतं, ते एवढंच. मला तरी यातला सगळ्यात लोभस भाग तो फवाऱ्यांचाच वाटतो.

१६ मे १९३३ ला पेटंट मिळालं आणि ६ जूनला पेनसॉकेनमध्ये, पुलाकडून येणाऱ्या हमरस्त्यालगत, जगातलं पहिलं ड्राइव्ह-इन सुरू झालं. गाडीचे २५ सेंट, माणशी २५ सेंट. मुलं कितीही दंगा करोत, सगळं कुटुंब घेऊन या, असं जाहिरातीचं आवाहन होतं. पहिला चित्रपट होता ‘वाइव्हज बिवेअर’, तोही आधीच इतरत्र लागून गेलेला. नवे चित्रपट मिळेनात. वितरकांची बांधिलकी शहरातल्या छपराच्या थिएटरांशी होती. आवाजासाठी कॅम्डनच्याच आरसीए व्हिक्टर कंपनीने पडद्याजवळ मोठे कर्णे बसवले. मागच्या रांगेत संवाद ओठांच्या हालचालीनंतर पोचायचे आणि आसपासच्या रहिवाशांना मात्र फुकट, नको तेवढे ऐकू जायचे. गाडीगाडीत टांगायचे छोटे स्पीकर सर्रास झाले ते युद्धानंतर. तोवर पेनसॉकेनचं थिएटर बंद होऊन गेलं होतं. जेमतेम तीन वर्षं चाललं ते. पेटंटही टिकलं नाही. गाड्या चढावर ओळीने उभ्या करणं म्हणजे नाट्यगृहातल्या उतरत्या खुर्च्यांचीच मांडणी, त्यात नवं काय, अशा अर्थाचा निकाल अपील न्यायालयाने १९४९ मध्ये दिला.

त्यानंतर कुणाला रोखायचं कारण उरलं नाही. युद्धावरून परतलेले तरुण संसाराला लागले, शहराबाहेर घरं उठली, घरोघरी मोटार आली. या नव्या वस्त्यांच्या कडेला शेतजमीन स्वस्त होती. १९५० चं दशक संपत आलं तेव्हा अमेरिकेत चार हजारांहून अधिक ड्राइव्ह-इन होती. न्यू जर्सीच्याच मॉनमथ काउंटीत १९४८ मध्ये तर मोटारींबरोबर छोटी विमानंही उतरवून घेणारं एक निघालं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कोपीगला अडीच हजार गाड्यांची सोय होती. आईवडील मुलांना झोपायचे कपडे घालूनच आणायचे. पडद्याखाली झोपाळे-घसरगुंड्या असायच्या, कारण लवकर आलेलं कुटुंब जास्त खातं. मालकाचा खरा नफा खाण्याच्या काउंटरवर होता.

पण ज्या वाढीने प्रेक्षक आणले, तीच वाढ हळूहळू कुंपणापर्यंत आली. कालचा गावाबाहेरचा माळ आज चौकातला मोक्याचा प्लॉट झाला. मॉलवाले, घरं बांधणारे दारात उभे राहिले. १९६६ च्या कायद्याने उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत जवळजवळ देशभर एकसारखी झाली आणि अंधार पडायलाच नऊ वाजायला लागले. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारा माणूस दोन चित्रपट पाहायला थांबेल कसा? काही मालकांनी सकाळी त्याच खडीवर जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरवला. दिवसाची जमीन वाया जाऊ नये म्हणून. कित्येक ठिकाणी बाजार बरा चालला, पडदा नाही.

छपराच्या थिएटरला मरताना एक सवलत असते, ती इथे नाही. कॅम्डन काउंटीतच हॅडन टाउनशिपमध्ये वेस्टमाँट थिएटर होतं. १९२७ सालचं, १९८६ मध्ये बंद पडलेलं. ओस पडून राहिलं, पण भिंती उभ्या होत्या. पुढे त्यात जिम आली. ड्राइव्ह-इन बंद झालं, की उरतो तो नुसता प्लॉट. त्याचं दुसरं काही करायचं तर आधी पडदा पाडावाच लागतो. म्हणूनच बहुधा त्यांच्या खुणा इतक्या कमी सापडतात. १९९१ मध्ये हॅझलेटचं ड्राइव्ह-इन बंद झालं आणि ज्या राज्यात हा प्रकार जन्मला तिथेच एकही उरलं नाही. तेरा वर्षांनी, २००४ मध्ये, राज्याच्या दक्षिणेला वाइनलँडचं बंद पडलेलं डेल्सी ड्राइव्ह-इन पुन्हा उघडलं. तो मुलूख अजून शेतीचा आहे, हा योगायोग नव्हे.

आपल्याकडे मुंबई उपनगर जिल्ह्यात, वांद्र्याच्या पूर्वेला, एके काळी ड्राइव्ह-इन होतं. खाडीकाठच्या दलदलीची ती जागा तेव्हा कुणाला फारशी नको होती. शेजारी वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि ड्राइव्ह-इन गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच संकुलात नवं सुरू झालं, २९० गाड्यांचं. त्यासाठी जमिनीचा तुकडा कुणी मोकळा सोडलेला नाही. ते आहे एका मॉलच्या गच्चीवर.