शपथ आणि संगत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमा आली की आपण अवधूताच्या चोवीस गुरूंचे स्मरण करतो. यदुराजाने विचारले, तू एवढा निश्चिंत कसा? तेव्हा अवधूताने मोठमोठ्या ऋषींची नावे घेतली नाहीत. मासा, अजगर, पतंग, पिंगला वेश्या अशी नावे घेतली. ज्याच्याकडून शिकता येईल तो गुरू, एवढीच त्याची कसोटी. यातले तीन गुरू आज मी घेतो, आणि विषय घेतो दारूचा. उत्सवाच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण पादुकांसमोर किती घरे याच एका दुःखापायी रडतात, ते आम्हा प्रवचनकारांना ठाऊक असते.

पहिला गुरू मासा. आमिष दिसते, गळ दिसत नाही. जिभेपायी जीव जातो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत पुढे एक मर्माची गोष्ट सांगतो. उपवासाने बाकीची इंद्रिये मंदावतात, जीभ मात्र जास्तच खवळते. म्हणजे नुसत्या दाबून धरण्याने भागत नाही.

एका गावी प्रवचन संपल्यावर एक माउली जवळ आली. म्हणाली, “महाराज, ह्यांनी वाडीला जाऊन शपथ घेतली. दीड महिना पाळली, मग पुन्हा सुरू. आता देवळाची पायरी चढत नाहीत. म्हणतात, मी देवाचा गुन्हेगार. देव कोपला असेल का हो?”

मी म्हटले, “माउली, ज्याने चार कुत्र्यांना पायाशी जागा दिली, तो तुमच्या मालकांवर कोपून बसेल होय? शपथ खोटी नव्हती. एकट्याने उचलली म्हणून जड झाली. आता आधी डॉक्टर गाठा आणि मग संगत शोधा.”

डॉक्टर आधी का, तेही ऐका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हात थरथरतात, भास होतात, फिट येते, जीवावरसुद्धा बेतते. व्यसन हा आजार आहे. आजाराला औषध घेतले म्हणून श्रद्धा उणी होत नाही.

दुसरा गुरू कुमारी. भात कांडताना तिची कांकणे वाजू लागली, म्हणून तिने एकेक काढत हातात एकच ठेवले. अवधूत त्यातून एकांत शिकला. मग कुणी विचारेल, दत्तप्रभू एकांत सांगतात आणि तुम्ही गटात जा म्हणता? बाबांनो, एकांत वेगळा, एकटेपणा वेगळा. एकांतात मन शांत होते. पिणाऱ्याच्या एकटेपणात मात्र बाटलीच बडबडत असते. तिथे कांकणांचा नाद थांबतच नाही.

म्हणून तिसरा गुरू, कुंभारमाशी. तिच्या घरट्यात कोंडलेला किडा तिचेच चिंतन करतो आणि तिच्यासारखा होतो. गुत्त्यावरची संगतही माणसाला आपल्यासारखा करून सोडते. तेव्हा घरटेच बदलायला हवे.

असे घरटे १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी बांधले गेले. बिल विल्सन नावाचा दारू सोडलेला माणूस कामानिमित्त तिथे आला होता. काम फसले, मन पुन्हा दारूकडे धावू लागले. तेव्हा त्याने दुसरा पिणारा शोधून काढला, आपली कथा सांगायला. भेटले डॉ. बॉब स्मिथ. दोघे एकमेकांचे गुरू झाले आणि ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ सुरू झाले. तिथे फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. नाव गुप्त राहते. देव ज्याला जसा उमजेल तसा; आपण खुशाल दत्तप्रभूंना स्मरावे. जन्मभराची शपथही कुणी घालत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचे उद्या.

अशा बैठका आपल्याकडेही भरतात, बहुधा संध्याकाळी, कुठे शाळेच्या वर्गात तर कुठे चर्चच्या खोलीत. पत्ता कसा मिळवायचा? जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. १४४४६ ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तिला फोन लावा. पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभे केलेले मुक्तांगण आहे. उपचार घेऊन गेलेल्यांसाठी तिथे पाठपुराव्याच्या बैठका होतात. पहिल्या दिवशी बोलता आले नाही तरी चालेल, मागे बसून ऐका. एका बैठकीत मन रमले नाही तर दुसरी बघा. मधेच पाय घसरला तरी तोंड लपवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसा.

आणि घरच्यांनो, तुम्हीही एकटे राहू नका. ‘अल-अनॉन’चे गट तुमच्यासाठीच आहेत. मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. दारू पाजली तुम्ही नाही, सोडवणेही एकट्या तुमच्या हाती नाही.

शेवटी देवस्थानांच्या विश्वस्तांना हात जोडून एक मागणे. महाप्रसादाच्या फलकाशेजारी जवळच्या बैठकीचा वार, वेळ आणि जागा लिहून लावा. मंदिराची एखादी खोली गुरुवारी संध्याकाळी तासभर रिकामी असेल, तर ती या मंडळींना द्या. शपथ मोडून पायरीखाली थबकलेला माणूस त्या दारातून आत येईल. त्याला कुणी काही विचारू नये. बसायला सतरंजी आणि प्यायला चहा, एवढे त्या दिवशी पुरे आहे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!