तेल मुरू द्यावे की जोर लावावा?

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे मांडवीकाठी फेरीबोटीचा धक्का आहे. समोर दिवाडी बेट. भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी नदीत चढते, आणि पावसाळ्यात महिनोन् महिने हवा ओली असते. अशा ठिकाणी लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही. डिचोलीच्या खाणींतून निघून बार्जमधून मुरगाव बंदराकडे जाणारे तांबडे खनिज म्हणजे लोखंड व प्राणवायू यांचा संयोग, आणि गंजही जवळजवळ तोच. गंजणारा बोल्ट जणू पुन्हा खाणीत जाऊ पाहतो! २०१२ व २०१८ साली खाणी बंद झाल्या तेव्हा कितीतरी बार्ज नदीत नुसत्या उभ्या राहिल्या. अशा उभ्या लोखंडाला गंज सोडत नाही.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा लागते. नट व बोल्ट यांच्या आट्यांत ती नसते, म्हणून तो तेथे फुगून दोघांना आवळतो. नवशिका पान्याला पाइपाचा तुकडा लावून अंगचा सगळा जोर करतो. कट् असा आवाज होतो, बोल्टचे डोके हातात येते आणि उरलेला अर्धा आतच राहतो. मग ड्रिलने तो कोरून काढण्यात दिवस जातो.

जाणता मेस्त्री आधी तारेच्या ब्रशाने सांध्यावरची खपली काढतो. मग तेल सोडतो. कोणी रॉकेलात किंवा डिझेलात थोडे इंजिनऑइल घालतो, कोणी अॅसिटोन आणि गिअरचे पातळ तेल निम्मेनिम्मे मिसळतो (हे मिश्रण झटकन पेट घेते, जवळ विडीदेखील नको). दुकानात डब्ल्यूडी-४० चा डबा मिळतो. तो १९५३ साली अमेरिकेत धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी निघाला. चाळिसाव्या प्रयत्नाला साधले म्हणून हे नाव. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते तसे पातळ तेल बारीक फटीतून आपोआप आत जाते. मात्र ते सांध्यावर पडले पाहिजे; डोक्यावर ओतलेले तेल वाहून जाते. नंतर हातोडीचे हलके ठोके, एक रात्र विश्रांती, आणि सकाळी पाना लावताना आधी किंचित आवळून मग सोडवणे. उपदेशकाच्या दहाव्या अध्यायातील बोथट कुऱ्हाडीचा रोखही हाच आहे: अंगबळाआधी शहाणपण.

माणसांच्या बाबतीत हे आपण मानतो काय? नार्व्यास उभे राहून हा प्रश्न टाळता येत नाही. सोळाव्या शतकात दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीज सत्तेने पाडले. भक्तांनी लिंग नदीपार नेले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. पाडणारी सत्ता ख्रिस्ताचे नाव घेत होती. ती आमच्या पंथाची नव्हती, असे म्हणून आपण हात धुऊ शकतो. ऐकणाऱ्याला तो फरक कळत नाही. तुटलेला तुकडा आजही आतच आहे, आणि आपल्या साक्षीला तो आडवा येतो.

तर मग सौम्यता हेच उत्तर, असे कोणी म्हणेल. मला ते पुरते पटत नाही. आपल्या मंडळ्यांतून धीराचा उपदेश बहुधा कोणाला होतो, ते पाहा. दोन भावांत घराच्या वाटणीवरून तेढ असते. ज्याला वाटा मिळाला नाही त्याला आपण सांगतो, “बाबा, प्रेमाने घे, वेळ जाऊ दे.” ज्याने दाबून ठेवले त्याच्या घरी चहा घेऊन परत येतो. हे डोक्यावर तेल ओतणे झाले. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिलेली रीत निराळी आहे. प्रथम एकट्याने जा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे आणा. तीत घाई नाही, पण पाना खाली ठेवण्याचीही मुभा नाही. वर्षानुवर्षे नुसते तेल सोडणाऱ्याला कोणी मेस्त्री म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट मेस्त्रीला ठाऊक असते. कधीकधी नट छिन्नीने फोडावाच लागतो. त्याचे त्याला दुःख होत नाही, कारण नट थोडक्या पैशांत नवा मिळतो आणि त्याने आवळून धरलेला भाग मोलाचा असतो. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला “ताई, सोसा, प्रार्थना करा, तो बदलेल” असे सांगून परत पोहोचविणारे वडील मंडळीत सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. लग्न पवित्र आहे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण तेल मुरेपर्यंत ती कोठे राहणार, हे त्यांच्या बोलण्यात येत नाही. तिला त्याच रात्री झोपायला जागा लागते, आणि त्या खोलीच्या दाराला आतून कडी.