परतीचा हिशेब

रत्नागिरीत विमानतळ आहे, पण मिरजोळ्याच्या त्या धावपट्टीची ओळख तटरक्षक दलाची विमानं उतरतात ती जागा अशीच. प्रवासी विमान म्हटलं की आम्ही मुंबई नाहीतर गोवा गाठणार. तरी विमानाशी आमचं नातं जुनं आहे. राजिवडा, मिरकरवाड्यात आखातात कुणीच नाही असं घर शोधावं लागेल. त्यामुळे ५ जुलै २०२२ रोजी दुबईला निघालेलं विमान कराचीला उतरल्याची बातमी आली, तेव्हा इथेही फोनाफोनी झाली असेल.

विमान स्पाइसजेटचं, दिल्लीहून निघालेलं बोइंग ७३७ मॅक्स. डाव्या टाकीतलं इंधन नेहमीपेक्षा भराभर कमी होताना वैमानिकांना दिसलं. ठरलेल्या तपासण्या त्यांनी केल्या, आकडा उतरतच राहिला, आणि त्यांनी विमान कराचीकडे वळवलं. खाली पाहिलं तर टाकीला उघड गळती दिसली नाही. प्रवासी दुसऱ्या विमानाने दुबईला पोचले. नाक्यावरचा निकाल ठरलेलाच : काही नव्हतं, काटा बिघडलेला, उगाच कराची दाखवून आणली.

काही नव्हतं हे कळलं कधी? उतरल्यावर.

विमानाच्या टाकीत काट्याचं काम जरा वेगळं चालतं. टाकीत ठिकठिकाणी धातूच्या नळ्या उभ्या केलेल्या असतात, एकात एक बसवलेल्या. दोन नळ्यांमधल्या फटीत इंधन जितकं चढेल तितकी त्यांची विद्युतधारिता बदलते, आणि त्यावरून संगणक इंधनाचं वजन काढतो. वजनच, कारण उष्णतेने लिटर वाढतात, किलो वाढत नाहीत. तळाला पाणी साचलं, एखादा सांधा कच्चा राहिला, की आकडा भरकटतो. म्हणून एकट्या काट्यावर भिस्त ठेवत नाहीत. इंजिनांकडे किती इंधन गेलं ते वेगळ्या मीटरवर मोजलं जातं. निघतानाच्या साठ्यातून ते वजा केलं की उरलेलं किती ते कळतं. दोन आकडे जुळले नाहीत तर काटा खोटा असेल, किंवा इंधन इंजिनापर्यंत पोचण्याआधीच कुठेतरी गळत असेल. आणि गंमत अशी की कॉकपिटमध्ये बसलेल्याला दोन्ही एकसारखंच दिसतं.

२४ ऑगस्ट २००१ रोजी टोरोंटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्झॅटच्या एअरबसमध्ये ३०६ जण होते. अटलांटिकवर असताना एका बाजूचं इंधन कमी होत असल्याची सूचना आली. वैमानिकांना संगणकाचा घोटाळा वाटला. तोल साधायला त्यांनी दुसऱ्या बाजूचं इंधन तिकडे वळवलं. गळती खरी होती, त्यामुळे चांगल्या टाकीतलं इंधनही त्याच वाटेने गेलं. दोन्ही इंजिनं बंद पडली. विमान तसंच तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं आणि सगळे वाचले.

चार वर्षांनी, ६ ऑगस्ट २००५ रोजी, ट्युनिंटर कंपनीच्या एटीआर ७२ विमानाचं उलट झालं. आदल्या दिवशी त्याचा बिघडलेला काटा बदलला होता, पण बसवला एटीआर ४२चा, म्हणजे लहान भावाचा. तो बसलाही नीट. टाकीत होतं त्याहून कितीतरी जास्त इंधन तो दाखवू लागला. इंधन भरल्याची पावती कप्तानाला सापडली नव्हती, पण आकडा चांगला होता, विमान निघालं. सिसिलीजवळ समुद्रावर इंजिनं थांबली. ३९पैकी १६ जण गेले.

एकाने खऱ्या इशाऱ्यावर विश्वास ठेवला नाही, दुसऱ्याने खोट्या दिलाशावर ठेवला. कराचीत उतरलेल्यांनी फार तर खोट्या इशाऱ्यावर विश्वास ठेवला, आणि त्यांचा फक्त एक दिवस गेला. मला यातून एवढंच दिसतं की घाबरवणारा आकडा आधी मानावा आणि मग तपासावा. सोयीच्या आकड्याकडे मात्र पावती मागावी. आपण नेमकं उलट करतो. वाईट आकडा आला की यंत्र बिघडलं म्हणतो, चांगला आला की यंत्राची आठवणही होत नाही.

मिरकरवाड्याच्या बंदरात काही जुने तांडेल अजून डिझेलच्या टाकीत काठी सोडतात. काठी तळाला टेकली की वर काढायची, ओल कुठवर आली तिथे अंगठा धरायचा, आणि मगच काट्याकडे बघायचं. काठीही दगा देऊ शकते म्हणा. १९८३ साली कॅनडात बोइंग ७६७चे काटे बंद होते म्हणून टाकीतली पातळी मोजपट्टीने पाहिली. ती बरोबर पाहिली. पण लिटरचे किलो करताना पौंडांचा गुणक लावला, आणि हवं त्याच्या निम्म्याहून कमी इंधनावर विमान निघालं. हवेतच इंजिनं बंद पडली, गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर ते कसंबसं उतरलं.

परत फिरणाऱ्याला आपण वागवतो कसं, हे बंदरातच बघावं. वादळाचा बावटा लागला म्हणून होडी अर्ध्या वाटेतून आली आणि वादळ दुसरीकडे गेलं, की डिझेल, बर्फ, खलाशांचा भत्ता, सगळं तांडेलाच्या नावावर मांडलं जातं. परतीचा खर्च रुपयांत मोजता येतो. न परतल्याचा खर्च वादळ आलंच तर कळतो, आणि तेव्हा हिशेब मांडायला तांडेल असेलच असं नाही. कोकण रेल्वेने यातून बरी वाट काढली आहे. रत्नागिरी आणि निवसरच्या मध्ये पानवलच्या उंच पुलावर वारा मोजायचं यंत्र आहे. वारा ठरल्या मर्यादेपलीकडे गेला की गाडी थांबते. तिथे चालकाला धीट किंवा भित्रा ठरायची वेळच येत नाही; गाडी नियमाने थांबवलेली असते. डब्यातली माणसं कुरकुरतात, पण यंत्रावर.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजू सोडून चालणार नाही. वैमानिकाचं वळणं बरोबर होतं म्हणून कंपनीचा काटा बिघडणं माफ होत नाही. आपली गल्लत इथेच होते : वळणाऱ्याला हसतो आणि कंपनीला विसरतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कराचीच्या घटनेच्याच आठवड्यात स्पाइसजेटला कारणे दाखवा नोटीस दिली. विमानं वारंवार परत फिरतात किंवा सुरक्षिततेची कमी शिल्लक ठेवून उतरतात, असं तीत होतं, आणि कारण म्हणून आतली ढिली देखरेख आणि अपुरी देखभाल दाखवली होती. आणखी एक ओळ होती, ती फार कुणी वाचली नाही : पुरवठादारांचे पैसे वेळेवर दिले जात नाहीत, त्यामुळे सुट्या भागांची टंचाई आहे. कराचीच्या काट्याचा त्या थकलेल्या पैशांशी थेट संबंध होता असं मी म्हणणार नाही. पण २७ जुलैला कंपनीच्या फेऱ्या आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणल्या गेल्या, तेव्हा चर्चा पुन्हा तिकिटांचीच झाली, थकलेल्या बिलांची नाही.