आसन कुणाचे?

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 11.

साधकाचे आसन कसे असावे, ते भगवंत इथे सांगतात. जागा स्वच्छ हवी, आसन स्थिर हवे, फार उंच नको, फार खालीही नको. मन एकाग्र करण्याची गोष्ट पुढच्या श्लोकात येते. आधी नीट बसता आले पाहिजे. एरवी मी हा श्लोक भरभर वाचते. आज मात्र अडकले.

आमचा हॉल दहा बाय बाराचा. नवा सोफा कुठे ठेवायचा, म्हणून काल त्याच्या मापाचे वर्तमानपत्र जमिनीवर अंथरून पाहिले. सात फूट लांब, तीन फूट खोल. जायला-यायला अडीच फूट सोडले की सगळे बसत होते. मध्ये येत होती फक्त सासूबाईंची लाकडी खुर्ची. "ती आत ठेवू," मी सहज म्हणाले. आई काहीच बोलल्या नाहीत.

सोफ्याची बैठक 16 इंच उंच, खुर्चीची 19. त्यांच्या गुडघ्यांना सोफ्यावरून उठवत नाही. म्हणजे खुर्ची आत गेली की त्याही आत गेल्या. महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी रोजच्या माणसाला उठवायचं?

श्लोक ध्यानाचा आहे, कळतं मला. पण दुसऱ्याचं आसन हलवून माझं ध्यान कसं लागणार?

आज आधी खिडकीपाशी खुर्चीची जागा आखली. उरलेल्या जागेत पाच फुटांचा सोफा बसतोय. पाहुणे जास्त आले, तर सतरंजी आहेच.

देवा, माप घेताना आधी माणसं दिसू देत.